दहावी झालेल्या लॅपटॉपला अकरावीत प्रवेश नाही. काय करू?

पारसिकच्या_पायथ्याशी

नमस्कार मंडळी. मी कळव्याला, खारीगावात, आठवी ते दहावीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवते. एकोणीस मुलं येतात, त्यातली अकरा यंदा बोर्डाला बसतायत. वर्ग आमच्या बाहेरच्या खोलीतच भरतो आणि तिथे एक लॅपटॉप आहे, २०१६ च्या दिवाळीत घेतलेला. आय-फाइव्ह, सहावी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. करोनात सगळे ऑनलाइन वर्ग याच्यावर झाले. माझ्या नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका याच्यात आहेत. मला तो फार प्रिय आहे, हे आधीच सांगून टाकते.

ऑक्टोबरपासून विंडोज १० ची मुदत संपल्याचा निरोप सारखा पडद्यावर येतो. ११ टाकायला गेलं की ‘हा संगणक पात्र नाही’. मुलांनी ते वाचलं आणि जो काही दंगा केला! एक म्हणाला, "बाई, लॅपटॉप दहावी पास झाला, पण अकरावीला नंबर नाही लागला." मागून दुसरा, "तिसऱ्या फेरीत लागेल." पुढे बसणारी एक जण एरवी तोंड उघडत नाही, ती पडद्यावर टीपीएम नावाची सुरक्षेची चिप की काय ते नसल्याचं वाचून म्हणाली, "बाई, त्याच्याकडे एलसी नाहीये." पाच मिनिटं वर्ग हसत होता, मीही हसले. बोर्डाच्या टेन्शनमध्ये एवढं हसणं बरंच वाटतं.

रविवारी घरी मात्र याच्यावरून खडाजंगी झाली. भाचा महाप्याला कंपनीत आहे. तो म्हणतो, "मावशी, भंगारात दे. आता एआयवाले लॅपटॉप आलेत." आमच्या भावजींचं कोपरीला झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे अजून विंडोज ७ चालतं. ते म्हणतात, "अपडेट-बिपडेट काही लागत नाही, कंपन्यांचा धंदा आहे सगळा." पोहे संपले, चहाही झाला, दोघं काही मागे हटेनात. यांनी तर सरळ टीव्हीचा आवाज वाढवला.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. अपडेटशिवाय वापरला तर खरंच धोका आहे का, कारण मुलांचे पालक फी यूपीआयने देतात आणि बँकेचं पान मी याच्यावरच उघडते. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकली तर मराठी प्रश्नपत्रिका उघडतील का? जुन्या सगळ्या श्रीलिपी या मराठी फाँटमध्ये आहेत. आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे, तोवर हात न लावता तसाच चालवला तर?

लॅपटॉपला बाकी काही त्रास नाही. टचपॅड डावीकडून जरा वर आलाय आणि दाबला तर टक् असा आवाज येत नाही, म्हणून माउस लावते. टेबलावर थोडा डुगडुगतो, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवते. झाकण बंद केलं की एका बाजूने फट राहते, ती बसावी म्हणून रात्री वर दोन जाड पुस्तकं ठेवते. चार्जर २०२० पासून कायम लावलेलाच असतो. एवढंच.

ऐरोली_रात्रपाळी

ताई, तुमच्या विद्यार्थ्यांना माझा सलाम. फक्त एलसीचा मुद्दा दुरुस्त करतो. सहाव्या पिढीच्या बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम २.० प्रोसेसरसोबतच येतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेलं असतं. म्हणजे एलसी बहुधा आहे, आडवी येतेय ती जन्मतारीख. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, सातवीतले मोजकेच प्रोसेसर घेतलेत. तुमचा सहावीचा, म्हणजे तो कितव्याही फेरीत बसणार नाही. आडमार्गाने ११ टाकता येतं, तुमचा भाचा ते करूनही देईल. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बोर्डाच्या तोंडावर शिकवणीच्या मशीनवर असला प्रयोग करू नका.

तुमच्यासाठी सोपा रस्ता आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्याला ईएसयू म्हणतात. ३० डॉलर भरून घ्या, नाहीतर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू करा, मग पैसे पडत नाहीत. आधी आवृत्ती २२एच२ आहे ना ते बघा. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट. तिथे नोंदणीचा दुवा दिसेल. नवीन सोयी काही येणार नाहीत, फक्त सुरक्षेची भोकं बुजवली जातील. तुम्हाला तेवढंच हवंय. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसला व्हायरसची नवी ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील. पण डिफेंडर म्हणजे दारावरचा वॉचमन. भिंतीला भोक पडलं तर तो काय करणार? ते बुजवायला ईएसयूच लागतं.

भाच्याच्या एआय लॅपटॉपबद्दल: कोपायलट प्लस नावाने जे विकतात त्यांना १६ जीबी रॅम आणि एनपीयू, म्हणजे एआयच्या कामासाठीचा वेगळा वेगवान प्रोसेसर लागतो. प्रमेयाची आकृती काढायला आणि प्रश्नपत्रिका छापायला त्यातलं काहीच लागत नाही. शिवाय रॅमचे भाव गेल्या काही महिन्यांत बेफाम चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. ऐरोली, रबाळे, महापे या आमच्या पट्ट्यात ही सेंटरं डोळ्यांदेखत उभी राहिली. रात्री घरी निघतो तेव्हा त्यांच्या कूलिंगची घरघर रस्त्यावर ऐकू येते. नवीन घ्यायचाच असला तरी ही वेळ नव्हे.

न्हावाशेवा_कागदपत्रं

‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या भावजींसाठी लिहितोय. मी बेलापुरात राहतो, कस्टम क्लिअरिंगचं काम करतो. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा संगणकातला किडा, म्हणजे व्हायरस आला. सुरुवात युक्रेनमध्ये, २७ जूनला. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून घुसला आणि जगभर पसरला. दुसऱ्या दिवशी आमच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प. माझे चार कंटेनर आत अडकले होते, दोन पार्ट्यांचे फोनवर फोन. टर्मिनलबाहेर ट्रेलरची रांग, ड्रायव्हर खाली उतरून सावली शोधतायत, आणि कोणता डबा कुठे ठेवलाय हे सांगणारी यंत्रणाच बंद. कीव्हमधल्या संगणकात किडा शिरला आणि उरणच्या रस्त्यावर माणसं उन्हात उभी राहिली, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या किड्याने वापरलेल्या फटींपैकी एक मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये बुजवली होती. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा दुसरा किडा त्याच फटीतून येऊन गेला होता. तरीही जूनमध्ये ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं अशी मशीन शिल्लक होतीच. आणि एक मशीन सापडलं की त्यातले पासवर्ड उचलून तो बाजूच्या, अपडेट केलेल्या मशीनमध्येही घुसायचा. भावजींच्या दुकानात लोक आधार, पॅन, पासबुक प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह लावत असतील. त्या मशीनवर विंडोज ७ आहे, त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपलाय. त्यांना प्रेमाने सांगा, निदान ते मशीन नेटपासून तोडा आणि गिऱ्हाइकाची कागदपत्रं त्यावर साठवू नका.

गोखले_रोडचा_कारागीर

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा. हे वाचताय त्या क्षणी लॅपटॉप बंद करा आणि चार्जर भिंतीतून काढा. वरची पुस्तकं उचला. वाचणं नंतर.

वर दोघांनी विंडोजबद्दल बरोबरच लिहिलंय, पण तुमचा शेवटचा परिच्छेद कुणी नीट वाचलेला दिसत नाही. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, तळ टेबलावर टेकत नाही, झाकणाला फट. ही चारही लक्षणं एकाच गोष्टीची आहेत. बॅटरी फुगली आहे. ठाणे स्टेशनजवळ सतरा वर्षं हे काम करतोय, न उघडता सांगतो.

आत पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या थराच्या चपट्या पिशव्या असतात. प्रत्येकीत प्लस आणि मायनसच्या पट्ट्या एकावर एक, आणि दोघींच्या मधे प्लास्टिकचा पडदा, केसापेक्षाही पातळ. बॅटरी म्हातारी झाली की आतलं रसायन विघटित होतं, वायू धरतो आणि पिशवी फुगते. तुम्ही वर पुस्तकं ठेवून ती पिशवी दाबताय. पडदा फाटला, दोन्ही पट्ट्या टेकल्या, की शॉर्ट होऊन पेट घेते, आणि ती आग पटकन विझत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ परत मागवला होता आठवतं? विमानात न्यायलाही बंदी झाली होती. त्यातल्या पहिल्या खेपेच्या बॅटऱ्यांचा दोष नंतर कंपनीनेच सांगितला: पिशवीत जागा पुरेशी नव्हती, त्यामुळे कोपऱ्यात पट्ट्या वाकायच्या. तिथे जागा कमी पडून दाब आला, तुमच्याकडे बीजगणिताच्या पुस्तकाने.

फुगली का, तर २०२० पासून कायम चार्जरला, म्हणजे कायम १०० टक्के. लिथियम-आयनला भरलेलं पोट आणि उष्णता, दोन्ही एकत्र सोसत नाही. तुम्ही वरच्या मजल्यावर राहता का? स्लॅब तापत असेल तर मे महिन्यात त्या टेबलावर काय होत असेल, विचार करा.

आता काय करायचं: लॅपटॉप उघडा ठेवा, झाकण दाबू नका. पडदे, गादी, वह्यांचे गठ्ठे यांपासून लांब फरशीवर ठेवा. टाचणी टोचून हवा काढायचा व्हिडिओ कुणी पाठवला तर तो बघूही नका. बॅगेत घालून गर्दीच्या लोकलने ठाण्याला आणू नका. आणि मुलं त्या खोलीत बसत असतील तर उद्याचा वर्ग दुसरीकडे घ्या.

मला निरोप टाका. दुकान साडेनऊला बंद करतो, कळवा पूल ओलांडला की तुमचं घर. वाळूचा डबा घेऊन येतो.

पारसिकच्या_पायथ्याशी

दादा, तुमचा निरोप वाचला आणि हात थरथरले. चार्जर काढला. पुस्तकं उचलली. लॅपटॉप गॅलरीत फरशीवर ठेवलाय, आजूबाजूला काही नाही. हो, आम्ही शेवटच्या मजल्यावरच आहोत. ज्या टेबलावर तो असतो त्याच्याच कडेला दोन मुली रोज वही टेकवून लिहितात. मला दुसरं काही सुचतच नाहीये. उद्याचा वर्ग समोरच्या वहिनींकडे घेते. तुम्हाला निरोप टाकलाय.

ऐरोली_रात्रपाळी

कारागीर दादा, मनापासून आभार. तो परिच्छेद मी वाचला होता, पण माझं डोकं प्रोसेसरच्या पिढीतच अडकलं. ताई, सॉरी. हे मला दिसायला हवं होतं.

वाशीचा_मिंटवाला

मी निवृत्त शिक्षक, वय ७१. बॅटरीचं मार्गी लागलं की मग हे वाचा, घाई नाही.

विंडोज ७ बंद झालं तेव्हा, २०२० मध्ये, मी लिनक्स मिंटवर आलो आणि परत फिरलो नाही. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला धक्का लागत नाही. मराठी उत्तम दिसतं, इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो, लिब्रेऑफिस या वर्डसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नपत्रिका छान बसते. तुमच्या मशीनवर ते सहज पळेल.

अडचण तुमच्या जुन्या फाइलींची आहे आणि ती नीट समजून घ्या. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये ‘क’ म्हणून दिसणारं अक्षर आत ‘क’ म्हणून साठवलेलं नसतं. आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की पानभर अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठतो, म्हणून तो फोनवर, लिनक्सवर, कुठेही वाचता येतो. माझ्या स्वतःच्या बावीस वर्षांच्या टाचणांचं असंच झालं होतं. फाँट बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार फसतात, प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. म्हणून आधी विंडोजवरच असताना सगळ्या प्रश्नपत्रिकांचे पीडीएफ काढून ठेवा. निदान छापता तरी येतील.

ऐरोलीकरांचा सल्ला बोर्डापर्यंत ठीक आहे, पण माझा एक आक्षेप आहे. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर ताई पुन्हा याच दारात उभ्या राहतील. चांगला चालणारा लॅपटॉप केवळ कॅलेंडरमुळे कचऱ्यात जावा हे मला पटत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मिंटवर या.

ऐरोली_रात्रपाळी

सर, मे महिन्याचं एकदम मान्य. माझं म्हणणं फक्त एवढंच, की परीक्षेच्या आधीच्या महिन्यात शिकवणाऱ्या बाईंनी नवीन प्रणाली शिकत बसू नये.

पारसिकच्या_पायथ्याशी

मंडळी, काय झालं ते सांगते.

दादा परवा रात्री दहाला स्कूटरवरून आले. बिस्किटांच्या मोठ्या डब्यात वाळू, आणि खिशात एक जुनं प्लास्टिकचं कार्ड. गॅलरीतच बसले. तळाचे स्क्रू काढले, दोन रबराच्या पायांखाली लपलेले होते. तळ उचलला तर तो आपोआपच वर आला, जणू कुणी आतून ढकलत होतं. आत तीन पिशव्या शेजारी शेजारी. उजवीकडची सपाट, मधली थोडी फुगलेली, आणि डावीकडची दुधाच्या पिशवीसारखी टम्म. तिच्यावरचं छापील लेबल ताणून मधोमध फाटलं होतं. त्यांनी आधी तारांची जोडणी काढली, मग ते कार्ड गोंदाखालून अगदी हळू, तिरकं सरकवत नेलं. पाऊण तास लागला. एकदाही पाना किंवा चिमटा लावला नाही. बॅटरी निघाली तेव्हा गोडसर वास आला, नेलपॉलिशसारखा. ते म्हणाले, "ताई, मागे सरका, हा वास म्हणजे कुठेतरी बारीक फट पडलीय." मग ती वाळूत पुरली.

डबा तेच घेऊन गेले. मी विचारलं, घंटागाडीत का नाही टाकायची. तर म्हणाले, गाडीत कचरा दाबला जातो, दाबली की पेटते, आणि मग सफाईवाल्यांचा जीव जातो. त्यांच्याकडे अशा बॅटऱ्या साठल्या की ते अधिकृत ई-कचरावाल्याला देतात. २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, त्याप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला लावायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

लॅपटॉप बॅटरीशिवाय, नुसत्या अडॅप्टरवर चालू झाला! टचपॅड टक् वाजला. झाकण बसलं. पुठ्ठ्याची घडी लागत नाही. नवी बॅटरी ते बघतायत. माझ्या मॉडेलची आता कंपनीकडे मिळत नाही, आणि २०१७ ला बनून दुकानात पडून राहिलेली ‘नवीकोरी’ ते मला देणार नाहीत, कारण न वापरताही बॅटरीचं वय होतं. मिळाली तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग लावून देणार. तोवर लाइट गेली की लॅपटॉप बंद पडणार, म्हणून दर दहा मिनिटांनी सेव्ह करतेय. येण्याजाण्याचे पैसे ते घेईनात. आईने नारळाच्या वड्या बांधून दिल्या, त्या घेतल्या.

काल ऐरोलीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे ईएसयूची नोंदणी केली. वर्गातच केली, मुलं भोवती उभी होती. पडद्यावर १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख आली आणि जिची ताई कॉलेजात आहे ती मुलगी ओरडली, "बाई, एटीकेटी मिळाली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हसणं थांबल्यावर मी त्यांना बॅटरीचं सगळं सांगितलं आणि दादांनी माझ्या फोनवर काढलेला फोटो दाखवला. मग प्रत्येकाने घरी जाऊन काय काय तपासायचं ते फळ्यावर लिहिलं: आजीचा फोन, बाबांचा पॉवर बँक, जुना टॅब. आज सकाळी एकाचे वडील एक पॉवर बँक घेऊन दारात उभे होते, तोही फुगलेला. मी तो हातातही घेतला नाही. घरी फरशीवर एकटा ठेवायला सांगितलं आणि दादांना फोन लावून दिला.

भावजींनी नॉटपेट्याचं सगळं वाचलं. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी फोन करून विचारलं की नेट तोडलं तर फोनवरून आलेलं प्रिंट कसं काढायचं. न्हावाशेवाच्या दादांनी ते सांगावं, मला येत नाही.

वाशीच्या सरांना नमस्कार. पीडीएफ काढायला लागलेय, २०१६ पासून २०१९ पर्यंतचे झाले. मे महिन्यात मिंटला बसेन तेव्हा इथेच विचारीन. एक शंका मात्र आत्ताच आहे: माझ्या बीजगणिताच्या प्रश्नपत्रिकांत वर्गमूळ आणि अपूर्णांक समीकरणाच्या वेगळ्या चौकटीत टाकलेत, श्रीलिपीत नाहीत. ते लिब्रेऑफिसमध्ये जसेच्या तसे येतात, की पुन्हा लिहावे लागतात?

वाशीचा_मिंटवाला

बरेचसे येतात, काही ठिकाणी अंतर बिघडतं. वर्गमूळ आणि अपूर्णांक दोन्ही असलेलं एखादं पान पाठवा, माझ्याकडे उघडून कसं दिसतं त्याचा फोटो टाकतो.